पायरी

अकरा पायऱ्या आहेत आमच्या शाळेला,
नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे नदी चार महिने मुकी असते.
दर निवडणुकीला आम्ही चौघं बुरुलचाला
खुर्चीसकट उचलून वर न्यायचो:
मी, एसेन, आणि सुतार झाकिपची दोन पोरं.
बारा वर्षं. कुणी सांगावं लागलं नाही.
लोक बाजूला सरायचे, डोक्यावरचे कालपाक सावरायचे,
कुणीतरी म्हणायचं, दुवा लागेल रे पोरांनो,
आणि मला ती लागायचीही,
संध्याकाळपर्यंत पाठीत ऊब राहायची.

या वर्षी ती म्हणाली, हात लावू नका.

एवढंच. पहिल्या पायरीशी, बर्फात,
मांडीवर स्वतः लाटलेला नमदा,
थर्मास, चिठ्ठी हातमोज्यात खोचलेली.
एसेन हसला: अगं, तुझं वजन ते काय, कोकराएवढं.
ती म्हणाली, वजनाचं मी बोलतच नाहीये.
चौघांच्या खांद्यावरून माणसानं एकदाच जावं,
आणि तेव्हा त्याला मत विचारत नाहीत.

मुख्याध्यापिका सायराकान शाल सावरत खाली आली.
पेटी घरी पाठवतो की, दर वेळी सांगतो.
चहा घेत बस, माणूस येईल.
पेटी नको मला, बुरुलचा म्हणाली,
रांग हवी.
कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाची सून पोटुशी,
कोळशात कुणी किती खाल्ले,
ते सगळं रांगेत कळतं. घरी येते ती नुसती पेटी.

मग बसून राहिली.
लोक तिला वळसा घालून चढत राहिले,
धोंड्याला पाणी घालतं तसा.
मी पण चढलो. लिहून ठेवतो: मी पण चढलो.
शिक्का मारला, उतरलो, आणि पाय पुढे पडेना.

"आठवतं तुला," ती म्हणाली, "गेल्या खेपेला
सातव्या पायरीवर तुझा पाय सरकला?
स्कर्ट वर गेला माझा. सगळे सभ्यपणे आभाळाकडे बघत होते.
आभाळात तेव्हा काही नव्हतं."

मला आठवत होता तो माझा मुरगळलेला घोटा.

आपली पायरी ओळखून राहावं, म्हणतात.
ती ओळखूनच होती: अकरा, सिमेंटच्या,
पाचवीचा कोपरा उडालेला.
ओळखत नव्हतो ते आम्ही, रोज चढणारे.

अडीच वाजता म्हातारी काल्यिचा काठी टेकत आली
आणि बुरुलचाच्या मागे उभी राहिली.
वर जा ना आजी, म्हटलं.
हिच्या मागे नंबर आहे माझा, म्हणाली.
तिच्यामागे एक मेंढपाळ, ट्रॅक्टरवाला, दवाखान्यातल्या दोघी.
चार वाजता रांग कोळशाच्या ढिगापर्यंत,
आणि वर खोलीत पेटी, एकटी.

नियम वाचले गेले. फोन झाला. परत नियम.
शेवटी टेबल आम्ही चौघांनीच खाली आणलं,
बॉयलरच्या खोलीत, जिचं दार अंगणालगत उघडतं,
इतकी वर्षं उघडतच होतं.
जड होतं टेबल, खरंच जड.
दुवा कुणी दिली नाही.

पडद्याआड ती बराच वेळ होती.
कुणाला दिलंस, मी विचारून बसलो.
तुला काय करायचंय, ती म्हणाली,
आणि रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं.

मार्चमध्ये झाकिपनं फळ्यांचा उतार केला.
तिनं पाहिलं: ही घसरगुंडी आहे.
खरंच पोरं घसरत होती त्यावर, दप्तरांसकट.
दुसरा वळणावर चुकला, चाक अडकलं.
झाकिप रुसला, चार दिवस रंधा उचलला नाही.

आभार तिनं अजून कुणाचे मानलेले नाहीत.
आज तिसऱ्यांदा मोजतोय आम्ही.
टेपचं एक टोक माझ्या हातात, बूट चिखलात,
दुसरं तिच्या हातात, पहिल्या पायरीशी,
आणि ती म्हणतेय,
मागे जा. अजून मागे.
अजून.